तलावातले देव

मोहाडी, १२ जून १९७३

साहेब, जय भीम.

या उन्हाळ्यात आमच्या तलावाचा गाळ काढताना पितळी देवांचं गाठोडं निघालं, तेव्हा पुरातत्त्वाचे अधिकारी म्हणून तुम्ही आलात. मी गावातल्या शाळेची बाई म्हणून मला एक पुस्तक दिलंत. त्यात युरोपातल्या दलदलीत दोन हजार वर्षं राहिलेल्या माणसाचा फोटो होता. गळ्यात दोर, हनुवटीवर दाढीचे खुंट. "हा देवाला वाहिलेला. या मूर्तीही तशाच, जुन्या काळी कुणीतरी पाण्याला वाहिलेल्या," तुम्ही म्हणालात. संग्रहालयात तशी पाटीही लावलीत.

त्या मूर्ती माझ्या वडिलांच्या आहेत. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनीच त्या तलावात सोडल्या. तुम्ही आलात त्या दिवशी पाटील शेजारी उभे होते म्हणून मी गप्प बसले. ती चूक माझी.

काल बाबांना फोटो दाखवला, तुमचं म्हणणं सांगितलं. त्यांनी त्या दोरावर बोट ठेवलं.

"याले कोणी इचारलं असन का?" मग म्हणाले, "मी तं देवाले काही देलं नाही. त्यायलेच म्हणलं, जा आता."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं की उत्तराची वाट पाहत बसायचं, आणि आमच्या घरानं देवापुढे तशी वाट पाहणं सोडून सतरा वर्षं झाली. येत्या मंगळवारी बाबांना घेऊन मीच ते तुमच्या हातात द्यायला येते.

पाटी तेवढी पुसून द्या. माझं अक्षर चांगलं आहे.

धुरपता परसराम मेश्राम