घोट्याचं माप

४ सप्टेंबर
पोचले एकदाची! नुकुस शहराहून नऊ तास, हाडं खिळखिळी झाली, पण दवाखाना बघितला आणि सगळा शीण गेला. एकच खोली, एक खाट, एक वजनकाटा, औषधांचं कपाट आणि किल्ली माझ्या हातात. पाच वर्षं मोठ्या इस्पितळात वरच्या नर्सबाईंची बोलणी खाल्ली, आता मला हुकूम सोडणारं इथं कुणी नाही. मी सरबिनाज, या गावची सबकुछ!

राहायला कलबिके आपांचं घर दिलंय. आपा ऐंशीच्या. इथला समुद्र आटायच्या आधी मासळीच्या कारखान्यात होत्या. पाय सरपणाच्या काटक्या, पण चालतात अशा की मला धावावं लागतं. मला बघून म्हणाल्या, एवढीशीच का गं तू, वाऱ्यानं उडशील. मी म्हटलं, उडाले तर तुमच्याच छपरावर पडेन. हसल्या नाहीत. खडूस आहेत, पण हरकत नाही. मीही काही कमी नाही.

५ सप्टेंबर
आपांची सून पेरिझात. तेवीस वर्षांची, नवरा कझाकस्तानात बांधकामावर. शेजारणी चहाला आल्या की हिचं कौतुक. सासू खाऊ घालते हो, सून कशी भरलीय बघा! आपांची मान ताठ. मी मात्र हिच्या पायांकडेच बघत होते. मोजे काढल्यावर वण गोल रुतलेले. नडगीवर अंगठा दाबला आणि आकडे मोजले, वीस झाले तरी खळगा भरेना. सकाळी डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या असतात. लघवी तपासली, त्यात प्रथिनं जाताहेत.

कसलं भरणं आणि कसलं काय! मूत्रपिंडं दमलीयत पोरीची. पाणी अंगातच साठतंय. शेजारणींसमोरच सांगितलं. आपांनी माझ्याकडे असं बघितलं की चहातली माशी बरी.

७ सप्टेंबर
तालुक्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. मोठ्या इस्पितळात खाट रिकामी व्हायला तीन आठवडे, तोवर सांभाळा म्हणाले. पाणी उतरवायच्या गोळ्या सांगितल्या. बाकी माझ्याकडे: मीठ बंद, सुकी मासळी बंद, दुपारी पाय उशीवर चढवून पडायचं, रोज उठल्याबरोबर वजन, घोट्याचं माप. श्वास लागला तर मिनिटभरही न थांबता गाडी. पेरिझातचा घोटा २९ सेंटिमीटर, वजन ७४. गंमत म्हणून माझंही घेतलं. घोटा २१, वजन ५२.

आपा म्हणाल्या, सुनेला दुपारी झोपवणारी नर्स आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मी म्हटलं, आता रोज पाहा.

१० सप्टेंबर
काही उतरत नाही. कारण आज सापडलं. जेवणानंतर आपा आपला खारट चहा अर्धा पितात आणि उरलेला पेरिझातपुढे सरकवतात. वाडग्यातला रस्साही तसाच. मोठ्यांचं उष्टं म्हणजे आशीर्वाद, आमच्यात त्याला नाही म्हणायची सोय नाही, सुनेला तर नाहीच नाही. मी तो चहा चाखला. बाई गं! समुद्राचं पाणीच. या चहावर माझ्या गोळ्या काय करणार, कपाळ?

भांडून उपयोग नव्हता. मग सुचलं. पेरिझातचा हात चहाच्या वाडग्याकडे गेला तशी मी तो उचलला. म्हटलं, मी पाहुणी, पहिला मान माझा. गटागटा प्याले. मला कुठं रोग आहे? दोन घोट मिठानं मला काय होतंय! आपा रागावतील असं वाटलं होतं. पण त्या पहिल्यांदाच हसल्या. पोटभर पी, पोरी, म्हणाल्या.

१४ सप्टेंबर
रोज दोन्ही वेळचं उष्टं मी हक्कानं घेते. पेरिझात घोटा २७, वजन ७१. माझी युक्ती! पोरीच्या डोळ्यांचा आकार दिसायला लागला, चांगल्या टपोऱ्या डोळ्यांची आहे. डॉक्टर फोनवर शाबास म्हणाले.

माझे बूट थोडे घट्ट होतात. उन्हानं असेल.

१७ सप्टेंबर
पेरिझात २५, वजन ६८. मी २५, वजन ५८.

तीनदा मोजलं. काटाही तपासला, तांदळाचं पोतं ठेवून. काटा बरोबर आहे. तिचे सहा किलो गेले, माझे सहा वाढले. माझी लघवी तपासली. स्वच्छ. रक्तदाब ठीक, छाती ठीक. मला काहीही झालेलं नाही. मग हे पाणी कुठलं?

चहा आजपासून बंद. आपांना तोंडावर सांगितलं. म्हणाल्या, नको पिऊस, आता गरज नाही.

१९ सप्टेंबर
गोळी घेतली. दोन घेतल्या. पाय भिंतीला लावून दुपारभर पडले. मिठाचा कण नाही. घोटा २७. नडगी दाबली तर अंगठ्याचं पेर आत गेलं. आकडे मोजले. शंभरावर सोडून दिलं.

पेरिझात अंगणात दोर बांधत होती, कपडे वाळत घालायला. गुणगुणत होती.

२१ सप्टेंबर
तिला धरून बसवलं आणि विचारलं. तिनं सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. समुद्र आटला त्या वर्षी आपांचे पाय खांबासारखे झाले होते. मग थोरली सून आली, बाग्दागुल. आपांचं उष्टं खात गेली, आपा वाळत गेल्या, ती दोन हिवाळ्यांत गेली. तिची शेवटची भाकरी दुसऱ्या सुनेनं संपवली, भाकरी टाकायची नसते म्हणून. तीही गेली. तिचा उरलेला रस्सा हिला मिळाला, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. हिच्याकडून ते पाणी परत आपांकडे चढू नये म्हणून आपा रोज आपलं उष्टं देऊन ते हिच्यातच दाबून ठेवत. मी मधेच हिच्या वाटचा घास उचलला, आणि घासाबरोबर हिचं पाणीही. आपल्या हातानं, आपल्या राजीखुशीनं. तसंच घ्यावं लागतं म्हणे.

मी ओरडले, मग मला अडवलं का नाहीस? मी तुझ्यासाठी केलं गं! तर म्हणाली, ताई, तू इतक्या हट्टानं प्यायलीस. मी कशाला अडवू? मला कुणी अडवलं होतं?

रडलीसुद्धा थोडी. पण बॅग भरलेली होती. दुपारच्या बसनं नवऱ्याकडे गेली. घोटा २१, मी शेवटचं मोजून दिलं. जाताना तिनं माझ्या पायांकडे बघितलं नाही.

२३ सप्टेंबर
खोटं आहे. अडाणीपणा आहे. मी शिकलेली बाई आहे.

डॉक्टरांना सगळं सांगितलं, उष्टं सोडून. गुरुवारी गाडी पाठवतो म्हणाले. कातडी तकतकीत झालीय. नडग्यांतून पाणी पाझरतं. फरशीवर सुकलं की पांढरं राहतं. चाटून बघितलं. मीठ. आणि मासळीचा वास.

आपा दारात बसून असतात. शेजारणींना सांगतात, आमची नर्सही भरली बघा.

२४ सप्टेंबर
आज आपा जवळ आल्या. प्रेमानं बोलल्या, तेच जास्त भयंकर. म्हणाल्या, वेडी आहेस, दवाखान्यात रोज माणसं येतात. अर्धं बिस्किट, अर्धा चहा. एखादं पोर हसत खाईल. तू सुटशील.

मी हाताला लागला तो कप फेकला. पण खरं लिहू? दुपारी एक बाई बाळाला टोचायला घेऊन आली होती. ते माझ्या बिस्किटाकडे हात करत होतं. मी पटकन दिलं नाही. पटकन नाही म्हणालेही नाही.

बिस्किट मी खाल्लं. पूर्ण. चुरासुद्धा. यापुढे मागे काही ठेवायचं नाही. वाडगा बोटानं पुसायचा. पाण्याचा थेंब नाही. माझं माझ्याबरोबर—

२५ सप्टेंबर
घोटा ३६. फीत पुरत नाही, दोरीनं मोजलं. डोळे चिरेएवढे. आडवं झालं की श्वास— बसूनच आहे. गिळताना घसा— अर्धी भाकरी अर्धा दिवस चावत बसले. संपवली. संपवलीच.

आजच गाडी मागितली, एकच आहे, उद्याच येईल म्हणाले. गुरुवार उद्या.

२६ सप्टेंबर
आई आली. मी बोलावलं नव्हतं. आपांनी फोन केला. आपांनी.

मला कुशीत घेऊन रडली. घरून रस्सा आणलाय, बिनमिठाचा, डॉक्टरांना विचारून. चमच्यानं भरवते. दोन चमचे गेले. पुढे जात नाही. घसा बंद. आवाज निघत नाही— हातानं नको नको केलं, ती म्हणते असू दे गं राणी, नाही जात तर—

गाडी दिसत नाही. आपा दारात. बघताहेत.

आई सकाळपासून उपाशी. वाडगा तिच्या मांडीवर. लहानपणापासून माझं उरलेलं तीच— कधी टाकलं नाही— कधीच—

म्हणून इथं लिहिते. मोठ्या अक्षरात. आई हे वाच. रस्सा खाऊ नको. माझं उष्टं खाऊ नको. ओतून दे. वाळूत ओत. आपांचं ऐकू नको.

वही पुढे केली. बघितली. हसली. म्हणते थांब, चष्मा घेते. पिशवीत शोधते. एका हातानं. दुसऱ्या हातात वाडगा. आपा म्हणताहेत निवतंय, आधी खाऊन घ्या—

आई आधी वाच. आधी वा—

माझा डावा पाय हलका