तुझं पितळी ताट

चि. कमलाकर,

आंघोळ करून आलास की आधी हे वाच, मग काय ओरडायचं ते ओरड. मी तळ्यावर निघाले आहे. भाकरी दुरडीत आहेत, आमटी चुलीवर आहे. तुझं पितळी ताट मात्र शोधत बसू नकोस, आज पत्रावळीवर जेव.

कालपासून माझ्या जिवाला चैन नाही. अण्णांची वही साहेबाला दाखवलीस, हे तू हसत सांगितलंस. मारुतीच्या देवळापासून बाभळीच्या बनातून, लव्हाळ्याला वळसा घालून परत देवळाशी, हा तासाभराचा फेरा अण्णांबरोबर आपण रोज घालायचो की! आपण पाखरं मोजायची आणि त्यांनी लिहायचं. कोणतं पाखरू कुठं बसतं ते सगळं त्या वहीत आहे. आता साहेब सातला बंदूक घेऊन येणार, आणि करकोचे कुठं उतरतात ते त्याला शोधावंसुद्धा लागणार नाही.

तुला बढती हवी आहे, ते मला कळतं. मीही तुझ्याच घरात राहते. पण पाखरं उठतील म्हणून अण्णांनी आपल्याला तिथं कधी मोठ्यानं बोलू दिलं नाही. तू एकदा शिंकलास तर कान पिळला होता तुझा.

आज मी तोच फेरा घालणार आहे, तुझं ताट लाटण्यानं बडवत.

साहेबानं विचारलं, तर ही बाई कोण ते ठाऊक नाही म्हण. मी रागावणार नाही.

मालतीअक्का