मेंढरं आत, न्हाणी बाहेर

अहो,

सकाळी पोरीला आंघोळीला नेलं, तर न्हाणीपाशी चिखलात बिबट्याची ताजी पावलं.

जाळीच्या कुंपणाची आखणी तुम्ही मेंढरांच्या वाड्याभोवती केली. मेंढरं आत आन् न्हाणी बाहेर! आम्हाला त्यात धरलंच न्हाई. जाळीवाल्याला सांगा, घरासकट सगळं आत घेऊन नवा हिशोब दे. उंचीत काटकसर नको. पैसं कमी पडलं तर चार मेंढरं विका.

पोरीला घेऊन मी कारेगावला ताईकडं चाललेय. आत्याबाई शेवटी तुमच्याच आई, यायला तयार न्हाईत. मेंढरं एकटी कशी सोडू म्हणत्यात. वाड्याच्या तोंडाशी बाज टाकून उघड्यावर झोपणार हायेत.

शिफ्टवरनं आलात की बूटसुद्धा काढू नका. बॅटरी घ्या आन् आधी त्यांची बाज बघा.

पूनम