मोर्शीहून आलेला घास

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

तयार डब्यातली मऊ मूगखिचडी आजही आली, गरम करून दिली, आणि पिल्लूनं आजही ओठ घट्ट मिटले. सात महिन्यांचं पोर, एवढा हट्ट कुठून आणतं? ऑफिसमुळे हा डबा लावला. चांगला असतो, ताजा असतो, खोट काढता येत नाही. तरी त्या डब्याचाच राग येतो.

शेवटी मोर्शीला आईला व्हिडिओ कॉल लावला. बाबांचा पाय प्लास्टरमध्ये, ती येणार कशी? पाहताक्षणी म्हणाली, "अवं, तोंड मिटून काहून भरवून राहिली? आपलं तोंड उघड, मंग तो उघडते." आणि तिनंच तिकडे मोठ्ठा आ केला. पिल्लूनं स्क्रीनकडे पाहिलं, आ केला. चमचा आत! मग प्रत्येक घासाला आईचा तो आ. वाटी संपली.

पिल्लू खेळायला लागला, तरी ती माझ्याकडे बघत राहिली. "तू जेवली काय वं?"

नाही म्हटलं.

तिनं रिकामी बोटं घासासारखी जुळवून स्क्रीनजवळ आणली. "आ कर."

मी एवढी मोठी बाई, आ करून बसले. घास काही आला नाही.