उत्तमरावच्या बैठकीतली टॅक्सची पावती

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आली! मलेबी इन्कम टॅक्सची नोटीस आली! व्हाट्सअपवर, सही-शिक्क्यासगट. अठरा हजार चारशे, उद्या सांजच्या पाचपर्यंत भरा, नाई तं वारंट. बायको घाबरली. म्या म्हटलं, अवं माणिकबाई, घाबरतं काय? पेढे आन!

गावात टॅक्सवाला एकच – उत्तमराव. मागच्या वर्षी त्यानं टॅक्स भरला आन् पावती फ्रेम करून बैठकीत लावली. तवापासून तिवस्याच्या बाजारात छाती फुगवून चालते. झेंडू माया शेतात त्याच्याहून जास्त, पन फ्रेम नाई!

दुपारी टॅक्सच्या साहेबाचा फोन आला. कडक हिंदी. "लिंक दबाओ, ओटीपी बताओ." म्या इचारलं, साहेब, पावती रंगीत भेटन ना? फ्रेम करा लागते. फोनच ठेवला बिचाऱ्यानं.

बँकेत दसरा-दिवाळीच्या झेंडूचे बावीस हजार हायेत. ते कपडे धुवाच्या मशीनीचे, माणिकबाईले कबूल केलेले. ती म्हने, "मशीन नाई आली तं तुमचे पायजामे तुमीच धुवा." धुवीन! टॅक्सवाल्याले काय लाज?

४ नोव्हेंबर

वर्षाली, आमची पोट्टी, अकोल्याले टॅक्सच्या वकिलाकडे कामाले हाय. तिले नोटीस धाडली, शाबासकी भेटन म्हनून. तिनं फोनवर असा झाडला मले!

"बाबा, शेतीच्या कमाईवर इन्कम टॅक्स कुठी असते? आन् ओटीपी कोनी सरकार मागते काय? उद्या पाचपर्यंत भरा, नाई तं धरून नेतो – हे चोराईचं काम हाय. बटन दाबलं तं मशीनीचे पैसे गेले समजा!"

म्या म्हटलं, मंग उत्तमरावले पावती कशी भेटली?

वर्षाली म्हने, "ते पावती आधी जवळून पाहा."

पाच वाजाले पुन्हा साहेबाचा फोन. म्या म्हटलं, नगदीच आनतो, हापिस कुठी हाय सांगा, एसटीनं निंगतो. – कट! पैसे घेऊन येतो म्हटलं तं पयते, असा कोनता साहेब असते? तवा पटलं. नंबर ब्लॉक केला, सायबर पोलिसाच्या १९३० नंबरावर तक्रार देल्ली. पैसे वाचले. तोंड मात्र उतरलं मायं.

५ नोव्हेंबर

माणिकबाई सकायपासून हासूनच राहिली.

६ नोव्हेंबर

उत्तमरावकडे गेलो. फ्रेम जवळून पाह्यली. त्याच साहेबाची सही, तोच शिक्का, तेच अठरा हजार चारशे! वरून झेंडूचा हार. वर्षभर जळलो मी या कागदावर! माया नोटीसीचं गावभर झालंच होतं; उत्तमरावनं लाडू देल्ला, म्हने, "तुमची पावती कवा येते?" मायाच्यानं सांगनं झालं नाई. लाडू खाऊन आलो. भेकड लेकाचा मी!

७ नोव्हेंबर

आज जाऊन सांगतलं त्याले. आधी मायी फजिती, मंग त्याची. उत्तमरावनं दार लोटलं, खाली पाहून म्हने, "मले होळीपासूनच मालूम हाय, नत्थुजी. पन फ्रेम काढली तं लोक इचारतीन ना – कावून काढली?"