उचलण्याइतकं बळ

नवाकशोत,
बकरी ईदेला दोन महिने आहेत

प्रिय मौलूद,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर निरोप बोलून पाठवता आला असता. पण तो तू दुकानात ऐकतोस, पोत्यांवर बसलेल्या आपल्या चार माणसांसमोर, आणि मग माझंच बोलणं आबिदजानहून फिरून इथल्या बायकांच्या तोंडून मला ऐकू येतं. शेजारच्या उम्मूलखैरचा भाऊ तिकडे निघाला होता, म्हणून त्याच्या हाती हे देते आहे. एकटा असशील तेव्हा वाच.

ईदेला तू येणार हे मिनतूनं सांगितलं. तुझ्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं, पण असो. तुझी ही बहीण आली ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. खजूर, लोणी, दाण्याचा कूट, आणि तळाशी कागदात बांधलेल्या त्या गोळ्या, गुरांनी अंग धरावं म्हणून बाजारात विकतात आणि बायका खातात त्या. पहिला चहा तिनं घोटाघोटानं संपवला. मग माझ्या मनगटाला चिमटा काढून म्हणाली, “तकबर, आता ते लोखंड उचलणं सोड. पडून राहा आणि खा. माझा भाऊ इतक्या वर्षांनी येतोय तो बाभळीच्या काठीला मिठी मारायला नाही.” मी हसले. तेव्हा ती आवाज उतरवून म्हणाली की तूच तिला फोनवर सांगितलंस, ‘माझ्या बायकोकडे बघून, मी तिला उपाशी ठेवलं, असं लोकांनी म्हणता कामा नये.’ हे शब्द तुझे की तिचे, हे मला कळलेलं नाही. त्या दिवसापासून पिशव्या कोपऱ्यात तशाच आहेत आणि मी येता-जाता त्यांना वळसा घालते आहे.

तू गेलास तेव्हा मी अंगानं केवढी होते ते तुला आठवतं. मलाही आठवतं. लग्नात मला उंबऱ्यातून आत आणताना दोन्हीकडून बायकांनी धरलं होतं, आणि तुझ्या मावशीनं ‘घरात बरकत आली’ म्हणून आवाज दिला होता. तेव्हा मला माझ्या अंगाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पण तू गेल्यावर वर्षभरात गुडघे बोलायला लागले, मग साखर निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या वयाला मान देऊन खाली बघत म्हणाल्या की वजन उतरवलं नाही तर पुढे पायांचं आणि डोळ्यांचं कठीण आहे. तुला तेव्हा फक्त ‘थोडी साखर आहे’ एवढंच कळवलं. तू औषधाला पैसे पाठवलेस आणि विचारलंस, गोड बंद केलं का. मी हो म्हटलं.

मग उम्मूलखैर मला स्टेडियमच्या भिंतीकडे घेऊन गेली. तू पाहिलं नाहीस ते. ऊन कलतं झालं की निम्म्या शहरातल्या बायका तिथं जमतात, अंगभर मलहफा डोक्यावरून गच्च गुंडाळलेला आणि खाली भावाचे नाहीतर मुलाचे बूट. भिंतीला धरून फेऱ्या घालायच्या. पहिल्या दिवशी अर्ध्यातच मी वाळूत बसले, आणि मागून येणारी एक म्हातारी म्हणाली, “बाई गं, तू बसलीस की आम्हाला वळसा घालायला अजून एक भिंत होते.” मी रागवायच्या ऐवजी इतकी हसले की उठताच येईना. पण गेले, रोज गेले. चालता चालता कुणाच्या सुनेची, कुणाच्या तलाकाची, कुणाच्या शेळीची बोलणी व्हायची आणि संध्याकाळ जायची. मौलूद, संध्याकाळच जायची नाही रे मला. दिवस कामात जातो.

वजन उतरलं, भराभर उतरलं. बायका म्हणाल्या, बघ, चालण्यासारखं औषध नाही. पण गाल बसले, दंड लोंबायला लागले, जिना चढताना धाप तशीच. आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. खाटीक मांस देताना विचारी, सगळं बरं आहे ना? तुझी चुलती तर सरळ म्हणाली, “आबिदजानला त्यानं दुसरी केली वाटतं, हिचा घास तिकडे जातो.” मी घरी येऊन आरशासमोर उभी राहिले. तू दुसरी केलेली नाहीस हे मला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं मी धरून चालते.

आता आईचं सांगते. तिचं वजन तुला ठाऊक नसणार, कारण जावई म्हणून तू तिला कधी नीट पाहिलेलंच नाहीस. तुझी चाहूल लागली की ती तोंड झाकायची आणि तू अंगणाच्या पलीकडून फिरून जायचास. लहानपणी वाळवंटात तिला वाडगे वाडगे दूध पाजून वाढवलं. ओकली तर पुन्हा पाजायचे. त्या अंगावर तिनं आयुष्यभर राणीसारखं मिरवलं, आणि त्याच अंगाखाली ती आता दबून गेली आहे. मागच्या हिवाळ्यात नमाजासाठी हातपाय धुवायला उठली आणि मोरीशेजारी पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मी एकटी. ओढून बघितलं, काखेत हात घालून बघितलं. मग उम्मूलखैरला हाक मारली, ती दोघींना घेऊन धावत आली. तिघीही भिंतीच्या फेऱ्यांत माझ्या पुढे असायच्या. पण चौघींना मिळून तिला वीतभर उचलता आलं नाही. एकीच्या हातून मलहफा सुटला, दुसरी घसरली, आम्हाला हसू आलं, आणि आईही आधी हसली. मग हसायची थांबली.

समोरच्या बांधकामावर गडी होते. बोलावते म्हटलं, तर तिनं माझा हात घट्ट धरला. “परक्या पुरुषाचा हात लागण्यापेक्षा मी इथंच मरते.” शेवटी तिला चटईवर लोटलं आणि चटई ओढत खोलीत नेली, पोतं नेतात तशी. सगळा वेळ तिनं तोंडावरून कापड काढलं नाही. मला तेव्हा तुझी आठवण आली, आणि लगेच लक्षात आलं की तू इथं असतास तरी तुला त्या मोरीपाशी येता आलं नसतं. बाहेर उभा राहिला असतास, खाली मान घालून. त्या एका दिवशी तू नसल्याचा मला राग आला नाही. बाकीच्या दिवसांचं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी स्टेडियमकडे गेले नाही. गालिच्यांच्या जुन्या दुकानाच्या जागी बायकांची व्यायामशाळा झाली आहे, काचांना आतून कापड लावलेलं. शिकवणारी हालिमाता नदीकाठच्या गावातली, माझ्या अर्ध्या वयाची. तिनं विचारलं, किती वजन कमी करायचंय? मी म्हटलं, कमी नाही, उचलायचंय, आणि कुणाला ते सांगितलं. तिनं आधी मला नुसतं खुर्चीवरून उठायला-बसायला लावलं. मग हातात डंबेल, मग जमिनीवरून लोखंडी बार कसा घ्यायचा ते, पाठ सरळ, जोर मांड्यांत. रिकामा बारसुद्धा पहिल्यांदा माझ्याकडे बघत पडून राहिला. डॉक्टरीणबाईंना भीत भीत सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, चालणंही सोडू नका, ते काळजाला चांगलं, पण नुसत्या चालण्यानं चरबीबरोबर अंगातलं बळही उतरत होतं. वजनकाटा मात्र हलायचं नाव घेईना, कधी उलटा चढे. तरी साखर खाली आली, गुडघे गप्प झाले, मलहफा खांद्यावरून घसरेनासा झाला.

भिंतीकडच्या मैत्रिणींना हे पटलं नाही. “दाढी कधी येणार गं?” असं एकीनं विचारलं, सगळ्या हसल्या, मीही. पण मी मधूनमधून गेले की त्या पुढे निघालेल्या असत, आणि गप्पा मी नसतानाच्या असत. व्यायामशाळेत बोलायला कुणी नाही. तिथल्या मुली कानात गाणी लावून असतात. मी श्वास घेते, उचलते, ठेवते, घरी येते. कधी कधी आईखेरीज दिवसभरात माझं नाव कुणी घेत नाही.

पण आईला मी उठवते, मौलूद. सकाळी आणि दुपारी, एकटी. गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकवायचे, ती दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकते, मी तिच्या पाठीमागे हात बांधते आणि दोघी एकदम उठतो. उभं राहिल्यावर ती लगेच सोडत नाही. तिचा श्वास माझ्या मानेवर लागतो. सुरुवातीला वाटे, तिचा तोल जातोय. मग कळलं की तीही थांबते आणि मीही. तू गेल्यापासून मला इतकं जवळ कुणी धरलेलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. परवा ती माझे दंड चाचपून म्हणाली, “आम्ही तुला पुरेसं दूध पाजलं नाही वाटतं.” आणि मग थोड्या वेळानं, “बरं झालं.”

तर हे पत्र त्यासाठी. मिनतूच्या पिशव्या मी उद्या परत पाठवते आहे. दोन महिने पडून खाल्लं तर अंगावर मूठभर मांस चढेल, लोक तुला नावं ठेवणार नाहीत, पण आई पुन्हा चटईवर जाईल. ते मी होऊ देणार नाही, तुझ्यासाठीसुद्धा नाही. लोक बोलतील ते तुला ऐकावं लागेल, ते मी थांबवू शकत नाही. ते शब्द तुझेच असले, आणि तुला ती उंबऱ्यातून धरून आणलेली बाईच हवी असली, तर ईदेच्या आधी कळव. मोकळी कर. तलाक झालेल्या मुलीसाठी करतात तसं आई अंगणात बायका बोलावेल, चहा करेल, मी रडले तर आत जाऊन रडेन. पण शब्द तुझे नसले तर ये. तुला घ्यायला विमानतळावर मी नसेन, आबिदजानचं विमान येतं ती आईला उठवायची वेळ असते. सरळ घरी ये. दारात एक रुंद खांद्यांची, बसल्या गालांची बाई उभी असेल. परकी समजून तिला तकबर कुठं आहे असं विचारू नकोस. तेवढं मला सोसणार नाही.

अजून तरी तुझीच,
तकबर