खातेगावचा हुंकार

७ जानेवारी १९८४, शनिवार

फसलं! टेपरेकॉर्डरपुढे बसल्या आणि नलिनीताईंचा आवाज सरकारी सूचनेसारखा झाला. एरवी आमच्या देवासच्या ग्रंथालयात शनिवारी ही बाई कादंबरी वाचते, तेव्हा चहावालासुद्धा किटली घेऊन दारात थबकतो. आज मशीनच्या धाकानं मीच सगळ्यांना गप्प बसवलं. ऐकताना कुणी 'हूं' म्हणून हुंकार द्यायचा नाही! नेहमीचे श्रोते खंडोजीकाका वैतागले (वार्ता म्हणजे त्यांची गोष्ट) – "हुंकारो नी देंगे तो वार्ता आगे कैसे बढ़ेगी, भिया?"

कॅसेट जयवंतीवहिनींसाठी. पूर्वी इथं पहिल्या रांगेत असायच्या. नवऱ्याची बदली झाली, खातेगावला गेल्या. "मुलं घरातसुद्धा हिंदीच बोलतात. गोष्ट तरी मराठीत कानावर पडू दे, नाहीतर आमच्या घरातली मराठी माझ्याबरोबरच संपेल." हे म्हणताना डोळे भरले होते त्यांचे. कॅसेट बसच्या कंडक्टरकडे दिली.

१२ जानेवारी

वहिनींचा फोन. रघू आणि शशी, दोन्ही मुलं मधूनच उठून गेली! रघू म्हणाला म्हणे, "आई, ये समाचार कब खत्म होंगे?"

ताईंना भीत भीत सांगितलं. तर हसल्या! "बरोबर आहे पोराचं. मी नुसती वाचत होते रे, रत्नाकर. ऐकवत कुणालाच नव्हते."

१४ जानेवारी, शनिवार

काय बाई आहे! आज म्हणाल्या, "हुंकार आपण नाही द्यायचा. तो खातेगावनं द्यायचा. आपण जागा सोडायची." आणि खरंच, दर चार वाक्यांनी थांबायच्या. "काय रे रघू, उघडेल का ती दार? शशी, तुला काय वाटतं?" – आणि मशीनकडे अशा बघत राहायच्या, जणू दोघं समोर मांडी घालून बसलीत. मी उगाच मागं वळून पाहिलं.

'सरदारानं त्याला कडक शिक्षा दिली' इथं परत थांबल्या. "शाळेतलं शिक्षण नव्हे रे बाळांनो, हिंदीतली 'शिक्षा' नव्हे! फटके दिले, फटके!" खंडोजीकाकांनी हसू आवरायला तोंडात उपरणं कोंबलं.

मला हे सात जन्मात सुचलं नसतं. वर ऐन संकटात, नायिकेचा हात दाराच्या कडीवर असतानाच, पुस्तक मिटलं! मी भांडलो – निदान प्रकरण तरी पुरं करा.

"अर्धवट ठेवलं तर भांडायला तरी येतील."

२० जानेवारी

नवी कॅसेट जाऊन इतके दिवस झाले, खातेगावहून काही नाही. ताई विचारत नाहीत. पण बसच्या वेळेला खिडकीशी येतात.

२५ जानेवारी

आजही नाही. चिडलो मी. एवढ्या गुणी बाईची ही कदर!

२८ जानेवारी, शनिवार

वहिनींची चिठ्ठी आली – "कॅसेट आता पाठवू नका." घाईनं पुढचं वाचलं – "पुस्तक पाठवा. कोण आधी वाचणार यावर दोघांची मारामारी चाललीय. वाचून, टेप करून तेच पाठवतील. हुंकार ताईंनी द्यायचा."

ताईंनी पुस्तक दिलंसुद्धा! ग्रंथालयातली एकुलती एक प्रत. आता पुढं काय झालं ते कळायला आम्ही सगळे देवासवाले खातेगावच्या बसची वाट बघणार.